वाकळीचं अस्तर

गोधडी कशाची करायची, हा प्रश्न आपल्या पणज्यांना कधी पडला असेल असं मला वाटत नाही. घरात जे फाटलं त्याची करायची. विषय संपला! आज मात्र तुम्ही "मला गोधडी शिवायची आहे" असं म्हणून कापडाच्या दुकानात शिरलात की तीन प्रश्न एकदम अंगावर येतात. वर कुठलं कापड? आत काय घालणार? आणि अस्तराला काय?

गेले तीन शनिवार मी या तीन प्रश्नांत अडकलोय. कारण साधं आहे. ताईला जानेवारीत बाळ होणार आहे, आईने गोधडी शिवायला घेतली आहे आणि "शिवायचं माझ्याकडे, कापड तू बघ" असं म्हणून ती मोकळी झाली आहे. आता इंजिनियरला कापड बघ म्हटलं की तो काय करणार? आधी रिक्वायरमेंट लिहून काढणार. ती काढता काढता मी इतिहासात जाऊन पडलो. तर मंडळी, आजचा लेख त्याबद्दल.

आधी थोडी व्याख्या. पांघरुणं आपल्याकडे बरीच. धनगरांनी विणलेली लोकरीची घोंगडी वेगळी. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेऊन भरलेली दुलई वेगळी. गोधडी या दोन्हींत बसत नाही, कारण तिच्यात लोकर नाही आणि भरलेला कापूसही नाही. तिच्यात असतं फक्त कापड. जुन्या कापडाचे थर एकमेकांवर पसरायचे, कडा दुमडायच्या आणि सगळ्या थरांतून आरपार धावदोरा घालत जायचं. आमच्या सांगलीकडे हिला वाकळ म्हणतात. ऊब येते ती कापडाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. दोरे जितके जवळ तितके थर घट्ट, आणि गोधडी जड पण टिकाऊ.

कल्पना फक्त आपली नाही. बंगालात जुन्या साड्या आणि धोतरं एकावर एक ठेवून कांथा करतात, आणि जुन्या पद्धतीत तिच्यासाठी लागणारा रंगीत दोराही साडीच्या काठातूनच उसवून काढत. सिंधमध्ये रल्ली आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दी बायका कवंद शिवतात. हे आफ्रिकी वंशाचे लोक, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून आले. कवंदला खालून एक अखंड साडी असते आणि वर ठिगळं, ती कडेकडून सुरू करून मध्याकडे नेत लावलेली. म्हणजे तीनही ठिकाणी नियम एकच: नवं कापड अंगावर, जुनं कापड अंथरुणात.

हा नियम होता कारण कापड महाग होतं. हातमागावर विणलेल्या लुगड्यामागे पिंजणं, कातणं, रंगवणं, विणणं असे किती हात लागायचे बघा. त्यामुळे लुगडं फाटलं म्हणून संपत नसे. नऊवारी विरते ती बसायच्या जागी. मग मधला विरलेला भाग कापून टाकायचा, दोन्ही चांगली टोकं जोडायची आणि तेच लुगडं पुन्हा नेसायचं. याला दांड घालणं म्हणतात. दांड घातलेलंही विरलं की त्यातून दुपटी, लंगोट, चोळीची अस्तरं निघायची. जे उरलं ते वाकळीत. वाकळ पार झिजली की पोतेरं. एका लुगड्याचं आयुष्य असं चार-पाच पायऱ्यांचं होतं, आणि गोधडी ही त्यातली शेवटून दुसरी पायरी. म्हणूनच गोधडी ही गरिबीची खूण मानली गेली. गाडगेमहाराज (१८७६–१९५६) अंगात ठिगळांचे कपडे घालत, त्यावरून लोक त्यांना गोधडे महाराज आणि चिंधेबुवा म्हणायचे. कीर्तनाला बसलेल्या माणसाला त्या वेशाचा अर्थ सांगावा लागत नसे.

आता एक छोटं गणित, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही :) लुगडं नऊ वार. तीन फुटांचा वार, म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घाला. एकेक घडी पावणेसात फुटांची! रुंदी साधारण सव्वा वार, म्हणजे पावणेचार फूट. सहा फुटी माणूस पाय ताणून झोपेल एवढी चार पदरी पथारी एकाच लुगड्यातून, एकही कातर न चालवता निघते. आता पाचवारी घ्या. पंधरा फूट. तीन घड्या घातल्या तर पाच फूट, माणसाचे पाय बाहेर. दोन घातल्या तर साडेसात फूट, पण थर दोनच, म्हणजे ऊब निम्मी. नऊवारी जाऊन पाचवारी आली तेव्हा बायकांच्या चालण्या-वागण्यात काय बदललं यावर भरपूर लिहिलं गेलंय. वाकळीचं माप बिघडलं याबद्दल मी कुठे वाचलं नाही.

बरं, हे सगळं मला सुचलं कारण गणपतीत गावी गेलो असताना आम्ही आजीची एक वाकळ उसवली. आजीला जाऊन चार वर्षं झाली. वाकळ एवढी जड की धुवायला दोन माणसं लागायची, आणि आता कडेने फाटून आतलं बाहेर येत होतं. आई म्हणाली, उसव, आतलं काही चांगलं निघालं तर बाळाला होईल. उसवताना कळलं की ही एक वाकळ नाहीच, तीन आहेत! वरचं कापड विरलं की आतलं काही काढायचं नाही, त्यावरच नवा थर चढवायचा आणि पुन्हा दोरे घालायचे, अशी पद्धत होती. म्हणजे जितकं आत जाल तितकं जुनं. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर कुणी काहीच डिलीट केलेलं नव्हतं, सगळे जुने व्हर्जन आत शाबूत.

सगळ्यात आतली वाकळ पणजीची. तिच्याबद्दल घरात एवढंच सांगतात की ती लढाईच्या दिवसांत शिवलेली. लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध. तिच्यात अखंड कापड जवळजवळ नाहीच. तळहाताएवढे पांढरे तुकडे, बहुतेक धोतराचे, तुकड्यावर तुकडा, ठिगळावर ठिगळ. मला आधी वाटलं की आमचे लोक फारच गरीब असणार. पण तारखा बघितल्यावर वेगळाच अर्थ लागला. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी काढली, १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, त्याच सुमाराला सोलापुरातही गिरणी उभी राहिली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला. म्हणजे पणजीच्या लहानपणी कापड पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झालेलं होतं. आणि मग लढाई आली. गिरण्यांचं कापड फौजेकडे वळलं, भाव भडकले, काळाबाजार सुरू झाला, आणि १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. धोतर-लुगडं मोजून मिळू लागलं. मिळालेलं कापड शेवटच्या धाग्यापर्यंत नेसलं गेलं, आणि वाकळीपर्यंत पोचले ते तळहाताएवढे तुकडे.

अमेरिकेत त्याच्या थोडं आधी, १९३० च्या मंदीत, शेतकऱ्यांच्या बायका पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती गोण्या उसवून त्यांचे कपडे आणि क्विल्ट शिवत होत्या. हे लक्षात आल्यावर गोण्यांवर फुलाफुलांची नक्षी छापून येऊ लागली, म्हणजे बाई नक्षी बघून पोतं निवडेल! टंचाईतून मार्केटिंग कसं जन्मतं बघा. आपल्याकडे असं काही झालं नाही. पण गरज तीच.

मधली वाकळ आजीची, लग्नानंतर काही वर्षांनी शिवलेली, म्हणजे साठीच्या दशकातली. ती उघडली आणि आई एकदम गप्प झाली. रंगच रंग. चिटाचे तुकडे, पॉपलिनचे शर्ट, चौकड्यांची लुंगी, आणि अस्तराला एक अख्खं इरकली लुगडं, चार घड्यांचं. (गणित इथे सुचलं.) काठ आधीच काढून घेतलेला, कारण काठ कडक असतो, अंगाला टोचतो आणि सुईला आडवा येतो. शिवाय काढलेला काठ दुसऱ्या लुगड्याला लावता येतो. ही गिरण्यांच्या भरभराटीची वाकळ. सुती कापड भरपूर, रंग भरपूर, आणि एक संपूर्ण लुगडं अस्तराला देण्याइतकी ऐपत. मला विचाराल तर सुती गोधडीचा सगळ्यात चांगला काळ हाच असावा.

इथे अस्तराबद्दल एक गोष्ट लक्षात आली. आजीने वरच्या बाजूला शर्टाचे जाड, मजबूत तुकडे लावले होते आणि खालच्या बाजूला सगळ्यात मऊ कापड. वरची बाजू बघायची, खालची अंगाला लागायची. पाहुण्यांना दिसते ती वरची. पण निवड खरी झाली होती ती खालच्या बाजूची.

आता सगळ्यात बाहेरचा थर. हा १९८७-८८ च्या सुमाराचा, कारण त्यात मामाच्या कॉलेजातल्या पँटचा तुकडा आहे. पँट टेरिकॉटची. शेजारी चकचकीत फुलांची सिंथेटिक साडी, आणि अस्तरालाही तसलीच साडी. तीस-पस्तीस वर्षं झाली तरी फुलं काल छापल्यासारखी! कापड कुठेही विरलेलं नाही. फाटलं आहे ते फक्त दोऱ्याच्या रेषेत, जिथे सुती तुकडा सिंथेटिकला जोडला होता तिथे. मजबूत कापडाने शेजारच्या कमजोर कापडाला ओढून फाडलं होतं. आई म्हणाली, ही वाकळ आम्हाला कुणालाच नको असायची, अंगावरून सरकायची आणि उन्हाळ्यात घाम यायचा.

आईची तक्रार शंभर टक्के शास्त्रीय आहे. नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टर धरतो ०.४ टक्के. म्हणजे घाम कापडात जातच नाही, अंगावरच राहतो. कापसाचा धागा धुण्याने आणि वापराने झिजत जातो, त्याचे बारीक तंतू सुटे होतात आणि कापड मऊ पडतं. पॉलिस्टर तसा झिजत नाही. ब्रिटनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ मध्ये तो शोधला तेव्हा हाच त्याचा मोठेपणा होता: सुरकुतत नाही, आटत नाही, लवकर फाटत नाही. पण गोधडीचा सगळा हिशोबच कापड जुनं होण्यावर उभा आहे. जे कापड म्हातारं होत नाही त्याची गोधडी कशी करणार?

मग सुती गेलं कुठे? १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि त्यानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा कधी नीट उभ्या राहिल्या नाहीत. कापड विणण्याचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होतंच, त्याला वेग आला. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला सुताच्या पंगतीला बसवलं. तोवर तो चैनीचा माल समजून त्यावर भरपूर कर लावला जायचा. सगळं खापर संपावर फोडणं चूक ठरेल, कारण सिंथेटिक साडी बायकांना स्वतःलाही हवी होती. इस्त्री नको, स्टार्च नको, धुतली की तासाभरात वाळते. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या बाईला हे किती मोठं सुख होतं हे वॉशिंग मशीनवाल्या मला काय कळणार! आजीनेही हौसेने घेतलीच ना.

दुसरा गिऱ्हाईक होता भांडीवाली. जुने कपडे द्या, स्टीलचं भांडं घ्या. आमच्या घरातले निम्मे डबे असेच आले. म्हणजे ज्या साड्या वाकळीत जायच्या त्या डब्यांच्या रूपाने फडताळात जाऊन बसल्या. आईच्या पिढीच्या बाईला विचारा, वाकळ की पाच लिटरचा डबा? उत्तर सरळ आहे. त्यात सोलापुरी चादर होतीच, आणि मग पानिपतची स्वस्त ब्लँकेटं आली. गंमत म्हणजे पानिपतच्या त्या धंद्यातला मोठा भाग परदेशातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांवर चालत आला आहे. ते फाडून, पुन्हा सूत काढून ब्लँकेट विणतात. चिंध्यांचं पांघरूण करायची कल्पना संपली नाही, फक्त घरातून कारखान्यात गेली.

असो. तर मूळ मुद्दा, आमची गोधडी. पुण्याच्या घरातली सगळी कपाटं काढली. मला वाटलं होतं ढीग निघेल. प्रत्येक कापडाचा एक धागा काढून मेणबत्तीवर धरला. ही जुनी आणि खात्रीची परीक्षा आहे. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटाने चुरगळली की राख उडून जाते. पॉलिस्टर वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो. (घरी करणार असाल तर खाली पाण्याची ताटली ठेवा.) माझे ऑफिसचे शर्ट: मणी. ताईचे कॉलेजातले ड्रेस: मणी. शाळेचा युनिफॉर्म: मणी. आईच्या रोजच्या साड्या: मणी, मणी, मणी. चार माणसांच्या घरातून राख निघाली ती बाबांचे दोन शर्ट, तीन जुन्या चादरी, माझे दोन कुर्ते आणि आजोबांचं एक धोतर, एवढ्याचीच.

आणि ट्रंकेत आजीचं शेवटचं इरकली लुगडं. बाकीची तिच्या माघारी वाटली गेली होती, हे एक आईने ठेवलेलं. अगदी मऊ, दुधाच्या सायीसारखं. अस्तराला याहून चांगलं कापड पुण्यातल्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही हे मला कळत होतं, आणि त्याला कातर लावायची म्हटल्यावर आईचा चेहरा कसा होईल हेही. नवं सुती कापड आणायला मी तयार होतो. त्याला दोन-तीनदा धुवून आधी आटवून घ्यावं लागतं, नाहीतर शिवल्यावर पहिल्या धुण्यात सगळी गोधडी आखडते. जुनं कापड कधीच आटून बसलेलं असतं. पण दोन-तीन धुण्यांनी तीस वर्षांचा मऊपणा येत नाही.

दोन दिवस घरात हा विषय कुणी काढला नाही. मग मी आईला फक्त लुगड्याच्या घड्या दाखवल्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड त्या घडीवरच तुटतं, आणि रेशमी काठ असेल तर आधी. तिसऱ्या घडीवर बोटभर चीर पडलेलीच होती. ट्रंकेत ठेवलं तरी ते टिकणार नव्हतं. आई बराच वेळ ती चीर बघत बसली. मग म्हणाली, "काठ मी काढणार. तू हात लावू नकोस."

आता गोधडी अशी ठरली आहे. वर बाबांचे शर्ट, माझे कुर्ते आणि पणजीच्या वाकळीतले धड निघालेले पाच पांढरे तुकडे. आत आजोबांचं धोतर आणि एक चादर. अस्तराला आजीचं लुगडं. दोरा सुतीच, कारण पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडाला करवतीसारखा कापत जातो. माप साडेतीन फूट बाय अडीच फूट, आणि बाळाच्या अंगावर नाही, अंगाखाली घालायची. वर्षाच्या आतल्या बाळावर जड पांघरूण घालू नये असं डॉक्टर सांगतात.

एवढ्याशा गोधडीला नऊवारीचा चौथा भागसुद्धा लागत नाही. उरलेलं लुगडं आईने घडी बदलून ठेवलं आहे, ताईला दुसरं झालं तर म्हणून. आणि मी दिवाळीत पहिल्यांदाच लेबल वाचून दोन शर्ट घेतले, शंभर टक्के सुती. इस्त्री करायला भयंकर त्रास होतो. पण वीसेक वर्षांनी कुणीतरी मेणबत्ती घेऊन माझं कपाट तपासेल, तेव्हा थोडी तरी राख निघायला हवी.